पाय घ्यायला येणाऱ्यांसाठी

आमच्या फाटकापासून कारखान्याच्या दारापर्यंतची जागा मोकळी दिसते, पण ती मोकळी नाही. एवढी साधी गोष्ट ज्यांच्या डोक्यात शिरत नाही अशा लोकांशी रोज सकाळी माझी गाठ पडते. हे लोक शिकलेले आहेत, हातापायांनी धडधाकट आहेत, त्यांच्या गाड्यांना मागचं दिसायला कॅमेरे बसवलेले आहेत. पुढचं दिसायला देवाने डोळे दिलेत, पण ते वापरल्याचं माझ्या बघण्यात नाही.

आम्ही पाय बनवतो. हातही बनवतो, पण मुख्य काम पायांचं. मी आणि माझा धाकटा भाऊ. तो प्लास्टरचे साचे घेतो, पाय घडवतो, घासतो, पट्टे शिवतो. मी माणसाला त्या पायावर चालवते. आप्पा, म्हणजे आमचे वडील, सांगायचे की टेबलावर पाय अर्धाच होतो, उरलेला अर्धा वाटेवर होतो. म्हणून त्यांनी कारखान्यासमोर ही वाट घातली. फाटकातून आत आलं की थोडं गुळगुळीत सिमेंट, पुढे विटा, मग खडी, मग चढ आणि चढाच्या टोकाला कारखान्याच्या दोन पायऱ्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला धरायला लोखंडी कठडा. विटा मुद्दाम वरखाली बसवलेल्या आहेत. गवंड्याने त्या आधी नीट बसवल्या होत्या, तेव्हा आप्पांनी त्याला त्या उखडून पुन्हा वाकड्यातिकड्या बसवायला लावल्या. म्हाताऱ्याला वेड लागलंय असं तो गवंडी पुढे कित्येक वर्षं सांगत फिरायचा.

आप्पांचं आणखी एक म्हणणं होतं. चालणाऱ्याला दुखलं नाही म्हणजे पाय जमला असं नाही. बघणाऱ्यावर विचारायची पाळी आली पाहिजे, की दोन्हींतला बनवलेला कोणता. आप्पांना असं कधी कोणी विचारलं नाही. आम्हालाही नाही. आमच्याकडे जो येतो त्याला आधीच माहीत असतं.

तर शेजारच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, जिम निघाली. तिथे लोक चालायला येतात. येतात ते गाडीने. घरापासून चालावं लागू नये म्हणून गाडी काढायची, कोपऱ्यावरच्या पार्किंगपासून चालावं लागू नये म्हणून ती आमच्या वाटेवर लावायची, एक मजला चढावा लागू नये म्हणून लिफ्टची वाट बघत उभं राहायचं, आणि वर पोचलं की यंत्राच्या पट्ट्यावर घाम गळेपर्यंत जागच्या जागी चालायचं. मी हे इतक्या वेळा बघितलंय, तरी मला ते अजून खरं वाटत नाही. ज्यांना पाय नाहीत ते आमच्याकडे बसने येतात, स्टॉपवरून कुबड्यांवर चालत येतात, आणि ज्यांना दोन-दोन आहेत त्यांच्या गाड्यांना वळसा घालून आत शिरतात.

आमच्या वाटेवर गाड्या आडव्या लावल्या तर जास्त मावतात, हा शोधही त्यांचाच. नाक भिंतीला, शेपूट कठड्याला. बाजूने मांजर जाईल, माणूस नाही.

मी काय करायचं बाकी ठेवलं नाही. फाटक लावून घ्यावं तर कुबड्यांवरच्या माणसाला ते ढकलता येत नाही. जिमवाल्याकडे गेले. तो आरशासमोर उभा होता, आणि माझं सगळं बोलणं त्याने आरशातूनच ऐकलं. "ताई, मेंबर लोकांना मी काय शिस्त लावणार?" तो म्हणाला. ज्याचा धंदाच माणसांना उठाबशा काढायला लावण्याचा, त्याने हे म्हणावं! पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, रस्त्यावर लावली असती तर उचलली असती, पण जागा तुमच्या मालकीची आहे ना, मग तुमचं तुम्ही बघा. मालकीची आहे म्हणून कोणी बघायचं नाही, हे मला त्या दिवशी नव्यानेच कळलं.

मग धाकट्याने पाटी रंगवली. ठसठशीत अक्षरांत: "ही जागा फक्त पाय घ्यायला येणाऱ्यांसाठी."

दुसऱ्या दिवसापासून ते लोक लंगडायला लागले.

मी थट्टा करत नाहीये. गाडीतून उतरायचं, माझ्या खिडकीकडे हळूच बघायचं आणि फाटकापर्यंत लंगडत जायचं. फाटक ओलांडलं की पाय बरा. आता, माझा जन्म लंगडणारी माणसं बघण्यात गेलाय. खरोखर लंगडणारा दुखऱ्या पायावर जेमतेम टेकतो आणि लगेच दुसऱ्यावर येतो. हे लोक दुखऱ्या पायावर खुशाल रेलायचे आणि चांगला पाय ओढायचे. बरं, कोणता दुखतोय हेही लक्षात राहायचं नाही. सुरुवात डाव्याने, आणि मध्येच फोन वाजला की उजव्याने. मी खिडकीतून ओरडायची, "कोणता पाय हवाय? डावा की उजवा?" याचं उत्तर आजवर एकालाही देता आलेलं नाही.

त्यांतल्या दोघांना मी चांगली ओळखते. एक दंडवाला. त्याच्या दंडांना मावेल असा शर्ट अजून कोणी शिवलेला नाही, म्हणून तो बिनबाह्यांचाच हिंडतो. दुसरी निळ्या गाडीची बाई. तिचा फोन कानाला चिकटवूनच तिला जन्माला घातलेलं असावं. दंडवाल्याच्या पांढऱ्या गाडीतून तेल गळायचं. ते आमच्या विटांवर गळलं आणि त्यावरून आमच्या कंडक्टरबाई घसरल्या.

कंडक्टरबाई बसवर होत्या. डेपोत मागे येणाऱ्या बसखाली त्यांचा पाय गुडघ्याखालून गेला. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा लोक विचारतात तसं, दिसेल कसा, दुखेल का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. "ताई, चालत्या बसमध्ये न धरता उभी राहू शकेन का?" एवढंच विचारलं. दोन्ही हात तिकिटाला लागतात, धरायला तिसरा कुठून आणू, असं म्हणाल्या. त्या प्रश्नावरच मला ही बाई आवडली.

डेपोने त्यांच्यासाठी दुसरं काम काढून ठेवलं होतं. बसमध्ये लोक विसरून जातात त्या वस्तूंची खोली. तिथे खुर्चीवर बसून राहायचं. "मी काय विसरलेली छत्री आहे?" कंडक्टरबाई म्हणाल्या. त्यांना बस हवी होती. बसवर परत घ्यायचं तर डेपोचे साहेब येऊन त्यांना चालताना बघणार, सपाटीवर, खडबडीत जागेवर, चढावर, पायऱ्यांवर, आणि तसं लिहून देणार. आमच्या वाटेवर हे सगळं एका ओळीत आहे, म्हणून चाचणी इथेच ठरली. कंडक्टरबाई महिनोन्‌महिने सकाळ-संध्याकाळ वाटेवर चालल्या. गाड्या असल्या की उरलेल्या तुकड्यावर येरझाऱ्या घालायच्या.

आणि चाचणी तोंडावर आलेली असताना त्या तेलावरून पडल्या. तुटलेल्या पायाचा उरलेला भाग असा सुजला की कितीतरी दिवस नवा पाय चढवता येईना. दंडवाला "सॉरी, आंटी," म्हणाला. तेही मला म्हणाला, पडलेल्या बाईला नाही. डेपोने तारीख पुढे ढकलली आणि बजावलं की या वेळीही चाचणी झाली नाही तर प्रकरण मिटलं. बसवर दुसरी नेमणूक होईल आणि बाईंना कायमची ती खोली.

त्या पडण्यानंतर धाकट्याने साखळी आणली. माझा भाऊ भांडणाला इतका भितो की दुकानात सुटे कमी मिळाले तरी मलाच पाठवतो, पण त्या दिवशी तो आपणहून गेला आणि जाडजूड साखळी आणि खटकन बसणारं कुलूप घेऊन आला. मग रात्रीचं जेवण टाळून त्या साखळीला चामड्याची खोळ शिवत बसला. का, तर लोकांच्या चाकांना ओरखडे पडू नयेत! किल्ली मात्र त्याने स्वतःच्या जुडग्यात घातली. "तुझ्याकडे दिली तर तू कोणाला सोडणारच नाहीस, ताई," म्हणाला. खोटं नव्हतं ते.

चाचणीचा दिवस उजाडला. साहेब दुपारी यायचे होते. मी सकाळीच विटा धुतल्या, खडी सारखी केली, कठडा पुसला. धाकटा पट्ट्यांची बकलं आणायला बाजारात गेला होता. मी हात पुसत खिडकीशी आले, तोवर फाटकातून एक भलीमोठी करडी गाडी आत आली, पुढे-मागे झाली आणि नुकत्याच धुतलेल्या विटांवर आडवी पडली. नाक भिंतीला, शेपूट कठड्याला.

आतून आधी पोट उतरलं, मग माणूस. फोन कानाला, बगलेत फाईल, पायात आरशासारखे चकाकणारे नवे बूट. आणि लंगडायला लागला. दोन पावलं डाव्यावर, दोन उजव्यावर, पुन्हा डाव्यावर. इतकं टुकार सोंग आजवर कोणी आणलं नव्हतं. बाकीचे निदान फाटकापर्यंत तरी एकच पाय धरायचे. या माणसाने तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

"कोणता पाय हवाय?" मी खिडकीतून विचारलं. "डावा की उजवा?"

त्याने फोन न काढता माझ्याकडे तळहात केला. थांबा, असा. माझ्या दारात गाडी लावून मलाच थांबा! मग तसाच लंगडत फाटकाबाहेर गेला. मी पायऱ्या उतरले, साखळी चाकातून ओवली आणि कुलूप दाबलं. ते खटकन बसलं तेव्हा मला जे बरं वाटलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही.

थोड्या वेळाने तो समोरच्या औषधांच्या दुकानातली पुडी हातात घेऊन परत आला. साखळी बघून थबकला.

"हे काय आहे?"

"साखळी."

"ते दिसतंय मला. कोणाची?"

"साखळी माझी, चाक तुमचं."

"ताबडतोब काढा."

"आधी सांगा, लंगडत का होतात?"

"बूट चावतायत!"

"दोन्ही?"

"नवे आहेत! नवे बूट दोन्ही चावतात!" तो ओरडला, आणि पुडीतून मलमपट्ट्या काढून माझ्या नाकासमोर नाचवल्या. "माझ्या टाचांना फोड आलेत. तुम्हाला दाखवू का? मी डेपोतून आलोय. तुमच्याकडे एक कंडक्टर आहे, तिच्या चाचणीसाठी."

दोन्ही टाचांना फोड असले की माणूस आलटून पालटून दोन्हीकडे लंगडतो, हे मला कळायला हवं होतं. रस्त्यावरच्या कोणालाही ते नुसतं चालणं वाटलं असतं. सोंग वाटलं ते मलाच, कारण मी पाय मोजत होते. पण कळलं असतं तरी साखळी मी घातलीच असती. टाचेला फोड आला म्हणून विटांवर आडवी लावलेली गाडी सरळ होत नाही.

"तुम्ही दुपारी येणार होतात," मी म्हटलं.

"वाटेत होतं म्हणून आधी आलो. आधी आलो हा गुन्हा झाला? कुलूप काढा."

किल्ली धाकट्याकडे, आणि धाकटा बाजारात. मी त्याला फोन लावला. फोन आत, प्लास्टरच्या गोणीवर वाजला. माझा भाऊ फोन घरी ठेवून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या माणसांपैकी आहे, आणि एरवी मला त्याचं कौतुक असतं.

मी आत दुसरी किल्ली शोधण्याचं नाटक करून बाहेर येते तो काय, फाटक उघडं बघून दंडवाल्याची पांढरी आणि फोनवालीची निळी, दोन्ही गाड्या सिमेंटवर येऊन आडव्या झाल्या होत्या. मालक लिफ्टमध्ये.

साहेबांचा संताप संताप झाला. "बघा! बघा ही माणसं! दुसऱ्याच्या गाडीमागे लावून खुशाल चालती झाली. जागा कोणाची, विचारायला नको? काही शिस्त म्हणून नाहीच लोकांना!"

तो माणूस मनापासून बोलत होता. आपण स्वतः कुठे लावली आहे हे त्याच्या डोक्यात चुकूनही आलेलं नव्हतं. अशा माणसाला काय बोलायचं? साखळी घालता येते, बोलता येत नाही.

शेवटी तो स्वतःच्या गाडीचं मागचं दार उघडून फाटकाच्या बाजूला तोंड करून बसला, पाय बाहेर सोडले, बूट-मोजे काढले आणि टाचांना पट्ट्या चिकटवायला लागला. चिकटवता चिकटवता म्हणाला, "चाचणीला जागाच नाही इथे. मी तसं लिहितो. चाचणी होऊ शकली नाही."

"जागा तुम्ही अडवलीय!"

"कारण लिहायला रकाना नाही. झाली किंवा होऊ शकली नाही, दोनच रकाने आहेत." त्याने पुन्हा मोजे चढवले. बुटांकडे बघितलं आणि ते तसेच राहू दिले. "मी भाड्याची गाडी बोलावलीय. ती आली की मी निघालो. ही गाडी न्यायला मी पोलीस घेऊनच येईन."

पोलीस काय म्हणतील हे मला पाठ होतं, त्याची मला भीती नव्हती. पण त्याने मांडीवर घेतलेल्या छापील कागदाची भीती वाटली. त्यावर त्याने पेन टेकवलं की एका बाईचा जन्म विसरलेल्या छत्र्यांमध्ये जाणार होता, आणि तो माणूस पेनाचं टोपण शोधत बसावं तितक्याच आस्थेने ते करणार होता. मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. आणि माझीही, कारण खटका मीच दाबला होता.

तेवढ्यात कंडक्टरबाई सकाळच्या सरावाला आल्या. बसस्टॉपवरून चालत, पूर्ण गणवेशात. इस्त्रीची खाकी विजार, बंद बूट, खांद्याला चामडी पिशवी. पिशवी रिकामीच होती, पण तिच्या वजनाची सवय मोडू नये म्हणून त्या ती सरावालाही घालायच्या. त्यांनी फाटकात उभ्या उभ्या सगळं बघितलं. पांढरी, निळी, करडी, साखळी, साहेबांचे मोजे, माझा चेहरा.

"साहेब, नमस्कार," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "ताई, या पुढच्या दोन कोणाच्या?"

"जिममधल्या."

"आलेच."

लिफ्ट वर गेलेली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही, सरळ जिना धरला. साहेब बसल्या जागेवरून मान उंचावून त्या चढणाऱ्या पाठीकडे बघत होते, हे मी बघितलं. जिममध्ये गाणी ढणाणत होती. ती थांबली नाहीत, पण त्यांच्यावरून, खिडकीतून, रस्त्यापर्यंत आवाज आला: "चला, पांढरी आणि निळी, पुढे या! दार अडवून उभं राहू नका! चला, पुढे चला, मागच्यांना वाट द्या!"

तो काही रागावलेला आवाज नव्हता. कोणी ऐकणार नाही अशी शंकाच नसलेला आवाज होता. मी इतके महिने घसा फोडून जे झालं नाही ते झालं. दंडवाला मानेभोवती टॉवेल घेऊन जिन्याने, हो, जिन्याने, धावत खाली आला. त्याच्यामागे फोनवाली, फोन खाली धरून. मागून कंडक्टरबाई, कठड्याला हातही न लावता. "सॉरी हं, मॅडम," दंडवाला त्यांना म्हणाला. ज्या बाईला त्याच्या तेलाने पाडलं होतं तीच ही, हे त्याला ओळखूही आलं नाही. दोन्ही गाड्या मागच्या मागे निघून गेल्या. लंगडायचं कोणाला सुचलं नाही.

राहिली करडी.

"किल्ली?" कंडक्टरबाईंनी मला हळूच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

"मी सांगितलंय यांना," साहेब दारात बसून म्हणाले. "वाट बंद आहे. माझी गाडी येतेय, मी निघतोय. होऊ शकली नाही असं—"

कंडक्टरबाई फाटकापर्यंत मागे गेल्या. पिशवी सारखी केली आणि चालायला लागल्या. सिमेंट संपलं, विटा लागल्या. विटांवर त्यांचं पाऊल जरा लांबलं, जरा सावध झालं, तुमचं-माझंही होतं तसं. गाडीपाशी येऊन त्या उघड्या दारासमोर थांबल्या.

"साहेब, आत सरका."

आणि साहेब सरकले. मी डोळ्यांनी बघितलं. ज्याने मला तळहात दाखवून थांबवलं होतं, तो माणूस पाय आत घेऊन पलीकडे सरकला. कंडक्टरबाईंनी वाकून एक पाय आत टाकला, दुसरा घेतला, सीटवरून फाईल उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"पुढे चला, पुढे. मला उतरायचंय."

त्याने पलीकडचं दार उघडलं आणि त्यांना वाट द्यायला उतरला. मोज्यांवर, आप्पांच्या विटांवर. "आई गं!" असा आवाज आला. त्याच्या बाजूने कंडक्टरबाई अलगद खाली आल्या आणि पुढे निघाल्या. बाकीच्या विटा झाल्या. खडी आली, तिच्यात पाऊल रुततं, तिथे भलेभले हात पसरतात. त्यांनी पिशवीवरचा हात हलवला नाही. चढ आला. कठडा हाताशी होता, त्याला त्यांनी बोट लावलं नाही. दोन पायऱ्या चढल्या, दाराला हात लावला आणि वळल्या. त्यांच्या मागे जावं म्हणून साहेबांनी खडीवर पाऊल टाकलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. धडधाकट माणूस, दोन पाय, आणि गाडीला धरून उभा.

परत येताना त्या त्याच्यापाशी थांबल्या. "चला साहेब, आत बसा. हळू. पाय सांभाळा," असं म्हणून त्यांनी त्याला कोपराला धरून गाडीत चढवलं, त्याच्यामागून स्वतः चढल्या, तो सरकला, त्या पुन्हा त्याच्या बाजूने उतरल्या आणि सिमेंटवर येऊन सरळ उभ्या राहिल्या. श्वास थोडा चढला होता, बाकी काही नाही.

बाहेर भाड्याची गाडी येऊन हॉर्न देत होती. साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते पुन्हा दारात बसले, मांडीवर कागद घेतला आणि लिहायला लागले. मी खाली येऊन गाडीच्या माझ्या बाजूच्या उघड्या दारातून मान लांब करून बघत होते. पेन "झाली" या रकान्यात गेलं. पुढे काहीतरी लिहिलं गेलं. कंडक्टरबाईंनी पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

मग पेन थांबलं. साहेबांनी कंडक्टरबाईंच्या बुटांकडे बघितलं. एका बुटाकडे, मग दुसऱ्याकडे. पुन्हा पहिल्याकडे. मग मान वर केली.

"बाई, इथे भरावं लागतं," ते म्हणाले. "कोणता पाय?"

त्यांच्या मांडीवरच्या फाईलच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं होतं. दवाखान्याच्या शिक्क्यासकट. एका बाईच्या नशिबाचा निवाडा करायला निघालेल्या माणसाने फाईल उघडलीसुद्धा नव्हती. या एका गोष्टीसाठी मी त्याला जन्मभर नावं ठेवू शकते, आणि ठेवणार आहे.

पण त्या क्षणी मला आधी आप्पा आठवले.

"तुम्हीच सांगा, साहेब," कंडक्टरबाई हसत म्हणाल्या. "डावा की उजवा?"

त्याने बराच वेळ बघितलं. त्यांना दोन पावलं चालायला लावलं, मग आणखी दोन. मग एक सांगितला. चुकला.

धाकटा बकलांची पिशवी घेऊन फाटकातून आला तेव्हा साहेब बूट हातात घेऊन उभे होते आणि कंडक्टरबाई कागदाची घडी पिशवीत ठेवत होत्या. करडी गाडी, साखळी, अनोळखी माणूस बघून धाकट्याचा चेहरा पडला. भांडण असणार असं त्याला वाटलं.

"त्याने विचारलं," मी म्हटलं.

"काय?"

"कोणता म्हणून."

धाकटा हललाच नाही. "कोणी?" त्याने विचारलं.

मी मानेने दाखवलं. त्या तसल्या माणसाने. आप्पा ज्याची वाट बघत गेले ते यायचं होतं कोणाच्या तोंडून, तर त्याच्या.

धाकट्याने बकलं खाली ठेवली. साहेबांसमोर वाकून चाकापाशी बसला, कुलूप काढलं, साखळी सोडवली आणि खांद्यावरच्या फडक्याने त्या माणसाचं चाक पुसायला लागला. एरवी मी ते फडकं हिसकावून घेतलं असतं. त्या दिवशी पुसू दिलं.